पुराआधी घ्यावी बोटीच्या इंजिनाची परीक्षा

पावसाळ्यात गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या नदीकाठी बोट हे जीव वाचविण्याचे साधन ठरते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्म घेते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. २०१९च्या पावसाळ्यात भामरागडने आणि जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्याने महापूर अनुभवला. अशा वेळी गावात पोहोचण्याची सारी भिस्त बोटीच्या मागे बसविलेल्या आऊटबोर्ड मोटरवर असते. बचाव पथके तिला ‘ओबीएम’ म्हणतात.

हे इंजिन वर्षातील बहुतेक महिने गोदामात पडून असते. जुने झाले म्हणून ते नीट चालत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते वापराने झिजते त्यापेक्षा अधिक पडून राहिल्याने बिघडते. म्हणूनच इंजिन उघडण्यापूर्वी इंधन, ठिणगी आणि थंडावा या क्रमाने तपासणी करणे हिताचे ठरते.

इंधन : बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते. टाकीत राहिलेले पेट्रोल काही महिन्यांत खराब होते आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी वाढले की ते पाण्यासह तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. त्यामुळे हंगामाच्या प्रारंभी जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, गाळणी साफ करावी आणि तडकलेल्या नळ्या बदलाव्यात.

इंजिन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडत असेल, तर प्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे का, ते पाहावे. तो बंद राहिल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल येणे थांबते. नंतर इंधननळीवरील रबरी फुगा दाबावा. फुगा दाबत राहिल्यासच इंजिन चालत असेल, तर इंधनपंप दुर्बल आहे किंवा नळीतून हवा शिरत आहे. मंद गतीला नीट चालणारे इंजिन वेग वाढविताच गुदमरत असेल, तर कार्ब्युरेटरचा मुख्य जेट तुंबला असण्याची शक्यता अधिक.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. उत्पादकाने ५०ः१ हे प्रमाण सांगितले असेल, तर २५ लिटर पेट्रोलला अर्धा लिटर तेल लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन जाम होतो. जास्त झाल्यास प्लगवर काजळी साचते.

ठिणगी : प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग हे निरोगी इंजिनाचे लक्षण. काळा व ओला प्लग जादा तेल, जादा पेट्रोल किंवा क्षीण ठिणगी सुचवितो. दोन सिलिंडरच्या इंजिनात एकच प्लग ओला असेल, तर ते एका सिलिंडरवर चालत आहे. इंजिन मुळीच सुरू होत नसेल, तर आणीबाणीच्या ‘किल स्विच’ची दोरी जागेवर आहे ना, हे आधी पाहावे. या साध्या कारणासाठी अनेकदा विनाकारण इंजिन उघडले जाते.

थंडावा : इंजिन नदीचेच पाणी ओढून थंड होते. ते चालू असताना बाजूच्या छिद्रातून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार थांबताच इंजिन बंद करावे. पुराच्या गढूळ पाण्यातील वाळू पंपाचा रबरी इम्पेलर झिजविते, तर पालापाचोळा आणि प्लास्टिक पाण्याचे प्रवेशद्वार बुजविते. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालविल्यास इम्पेलर अल्पावधीत निकामी होतो. चाचणीसाठी त्याचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवावा. मोहिमेवरून परतल्यावर स्वच्छ पाण्यात चालवून आतील गाळ धुवावा.

इंजिन जोरात फिरते, पण बोट पुढे सरकत नाही, असे झाल्यास दोष पंख्यात असतो. दगडाला किंवा ओंडक्याला आपटून त्याची पिन तुटलेली असते किंवा आतील रबरी जोड निसटलेला असतो. सुटी पिन आणि पाने बोटीतच ठेवावेत. गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास सील फुटून पाणी आत शिरले आहे, असे समजावे.

एवढे करूनही ताकद येत नसेल, तर सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. दोन सिलिंडरच्या दाबात मोठी तफावत आढळली, तर रिंग किंवा पिस्टन झिजलेले आहेत. असे इंजिन दुरुस्त होईपर्यंत बचावकार्यातून बाजूला काढणेच योग्य.

गोदामात सुरू झालेले इंजिन उत्तीर्ण झाले, असे मानू नये. मे महिन्यातच, शांत पाण्यात, बोटीत माणसे बसवून ते किमान अर्धा तास चालवावे. प्रवाहात इंजिन बंद पडले, की बोट आडवी होते आणि वाचवायला गेलेलेच संकटात सापडतात. म्हणून वल्ही, नांगर, दोर आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट घेतल्याखेरीज बोट काठ सोडू नये.