शांततेची किंमत

आपल्या ईडन प्रेरीच्या दक्षिण कडेला जिथे उतार संपतो, तिथे मिनेसोटा नदीचे खोरे सुरू होते. एप्रिलच्या संध्याकाळी तिथे गेलात तर बेडकांचा एकच गलका ऐकू येतो. मग वरच्या फ्लाइंग क्लाउड विमानतळावरून एखादे छोटे विमान उडते आणि क्षणभर दुसरे काहीच ऐकू येत नाही. निवृत्तीनंतर मी तिथे नेमाने जातो. या खोऱ्यातल्या आवाजाला एक इतिहास आहे.

१९७६ साली, स्थानिक नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर, अमेरिकी काँग्रेसने येथे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन केले. पुढे मिनियापोलिस-सेंट पॉलचा मोठा विमानतळ दुसरीकडे हलवावा का, यावर बराच खल झाला. १९९६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ठरवले, की तो आहे तिथेच वाढवावा. नव्या उत्तर-दक्षिण धावपट्टीवरची विमाने ब्लूमिंग्टनजवळ या आश्रयस्थानावरून कमी उंचीवर जाणार होती.

इथे १९६६ च्या वाहतूकविषयक कायद्याचे कलम आडवे आले. आश्रयस्थानाची इंचभरही जमीन न घेता, केवळ आवाजाने ती जागा निकामी होऊ शकते, हे त्या कलमाखाली मान्य झाले. भरपाई ठरली सुमारे २.६ कोटी डॉलर. तिच्या विनियोगासाठी २००० साली एक न्यास स्थापन झाला. नदीच्या वरच्या अंगाला नवीन जमिनी घेतल्या गेल्या. धावपट्टी २००५ मध्ये सुरू झाली.

आवाजाने प्राण्यांचे नेमके काय बिघडते? २००३ साली नेदरलँड्समधील लायडन शहरात आढळले, की गोंगाटाच्या भागातले बल्गुलीच्या जातीचे पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण रहदारीची घरघर खालचे सूर गिळते. २०१२ मध्ये आयडाहोच्या जंगलात संशोधकांनी अर्धा किलोमीटर ध्वनिक्षेपक लावून केवळ रस्त्याचा आवाज ऐकवला. गाडी एकही नव्हती. तरी पाव हिश्श्याहून अधिक पक्षी कमी झाले. जे थांबले, त्यांतल्या काहींची प्रकृती खालावली. शत्रूची चाहूल कानाने लागत नसली की मान पुन्हा पुन्हा वर करून पाहावे लागते, आणि तेवढे दाणे टिपायचे राहतात.

आपल्याकडचे कर्नाळा आठवते? १९६८ साली अभयारण्य झाले, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्यातूनच जातो. एसटीच्या खिडकीतून ती पाटी आपण कितीदा पाहिली! पण तिथे भरपाईचा विचार कधी आपल्या मनात आला का?

भरपाईने जमीन मिळाली, हे चांगलेच झाले. पण ब्लूमिंग्टनच्या तळ्यावरचा बगळा ते पैसे घेऊन वरच्या अंगाला राहायला जात नाही. आणि त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानात बहुधा आपणच असतो, आईला भेटायला पुण्या-नागपूरला निघालेले. मीही त्यातलाच. म्हणून बोट कोणाकडे दाखवत नाही.

या दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी नातवंडांना घेऊन खोऱ्यात या. दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही. काय काय ऐकू आले, ते नंतर मुलांनाच विचारा. त्यांचे कान आपल्यापेक्षा चांगले आहेत.