सरसर कुठून येते?

२०२० साली शाळा बंद पडल्या आणि आपल्यापैकी अनेकांनी घरी बसून पाठ ध्वनिमुद्रित केले. ऐकताना आवाज वाढवला, की शब्दांच्या मागे एक बारीक सरसर ऐकू येई. तक्रार केली की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: ‘चांगला प्रीअ‍ॅम्प घ्या.’ प्रीअ‍ॅम्प म्हणजे मायक्रोफोनकडून येणारा क्षीण विद्युतदाब प्रथम वाढवणारा वर्धक. तो काही हजारांना मिळतो, तसा लाखालाही मिळतो. मग महागातला घेतला तर सरसर जाईल का?

गायझबर्गने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं तेव्हा वर्धक नव्हताच. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाची स्वतःची ऊर्जाच सुई हलवायची आणि मेणावर खाच पाडायची. साहजिकच गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे. १९०६ साली डी फॉरेस्टने तीन अग्रांची व्हाल्व्ह बनवली. टेलिफोन कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातला निर्वात सुधारला आणि १९१५ साली न्यूयॉर्कचं बोलणं सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. १९१७ साली वेंटे याने आपल्या कंडेन्सर मायक्रोफोनचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा संदेश इतका दुबळा, की वर्धक अगदी शेजारी ठेवावा लागे. आजच्या प्रीअ‍ॅम्पचा हा पूर्वज. १९२५पासून तबकड्या विजेच्या साहाय्याने मुद्रित होऊ लागल्या.

मग प्रश्न आला, की वर्धकाला वर्धक जोडत गेलं तर कितीही क्षीण आवाज ऐकता येईल का? १९१८ साली जर्मनीत शॉटकी याने दाखवलं, की व्हाल्व्हमधले इलेक्ट्रॉन पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे एकेक करून येतात, म्हणून प्रवाहात खडखड असणारच. पण व्हाल्व्ह कितीही सुधारली तरी काही आवाज उरत होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन त्याच्या मागे लागला.

त्याने वर्धकाच्या तोंडाशी नुसता एक रोध जोडला. मायक्रोफोन नाही, बॅटरी नाही, तरी आवाज होताच! त्याने रोध बदलून पाहिले: तार, कार्बन, कागदावर ओढलेली शाईची रेघ, मिठाच्या पाण्यासारखी द्रावणंसुद्धा. पदार्थ कोणताही असो, फरक पडेना. या आवाजाच्या विद्युतदाबाचा वर्ग फक्त रोध आणि निरपेक्ष तापमान यांच्या प्रमाणात बदलत होता.

याचं कारण त्याचा सहकारी हॅरी नायक्विस्ट याने सांगितलं, आणि ते अकरावी-बारावीच्या वर्गात जरूर सांगावं असं आहे. समजा, एकाच तापमानाचे दोन सारखे रोध तारांनी जोडले, एक तांब्याचा, एक कार्बनचा. प्रत्येकातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य धडपडीतून थोडी ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. तांब्याने दिलेली ऊर्जा घेतलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त असती, तर कार्बन आपोआप तापत गेला असता आणि तांबं थंड होत गेलं असतं. उष्मागतिकीचा दुसरा नियम हे होऊ देत नाही. म्हणून पदार्थाला महत्त्वच उरत नाही. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्या टेबलावरचा हिशेब करू. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनचा रोध सुमारे १५० ओहम असतो. नायक्विस्टच्या सूत्रात तो, खोलीचं तापमान आणि २० किलोहर्ट्झचा पट्टा घातला, की ०.२२ मायक्रोव्होल्ट मिळतात. ही सरसर मायक्रोफोनचीच, प्रीअ‍ॅम्पची नव्हे. तंत्रज्ञांच्या मापात ती उणे १३१ डीबीयू होते. माहितीपत्रकात ‘ईआयएन’ या नावाने दिलेला आकडा याच्याशी ताडून पाहावा. आज स्वस्तातल्या बऱ्याच प्रीअ‍ॅम्पचा आकडा उणे १२८च्या आसपास असतो. म्हणजे एकूण सरसर ०.२२च्या जागी ०.३१ मायक्रोव्होल्ट. लाखभर मोजून यातली फार तर ती वरची भर घालवता येईल. याच अटींवर उणे १३१पेक्षाही सरस आकडा कुणी छापला असेल, तर मोजणीची अट कुठेतरी बदलली आहे असं खुशाल समजावं.

दुसरीकडे, असा मायक्रोफोन १ पास्कल ध्वनिदाबाला साधारण दीड मिलिव्होल्ट देतो. मीटरभरावरून नेहमीच्या आवाजात बोललं तर ६० डेसिबल, म्हणजे ०.०२ पास्कल, म्हणजे ३० मायक्रोव्होल्ट. तोंड १० सेंटिमीटरवर आणलं की तेच जवळजवळ दसपट, ३०० मायक्रोव्होल्ट, आणि तेही फुकट. मंद पंखा चालू असलेली, आपण जिला शांत म्हणतो ती खोली ४० डेसिबलच्या आसपास असते. तिचे होतात ३ मायक्रोव्होल्ट, जॉन्सनच्या आवाजाच्या तेरा-चौदा पट.