एका न झालेल्या भेटीची किंमत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षाची निवड देशांतील मतांच्या एकूण बेरजेनें होत नाहीं. ती संस्थानांच्या वांट्याला आलेल्या निर्वाचक-मतांनीं ठरते, आणि बहुतेक संस्थानांत विजेत्याच्या पदरांत तीं सर्वच्या सर्व पडतात. त्यामुळें एका प्रांतांतील रुसवाफुगवा राष्ट्राचें भवितव्य कसें फिरवूं शकतो, हें १९१६ सालीं कॅलिफोर्नियानें दाखवून दिलें.

त्या वर्षीं यूरोपांत महायुद्ध पेटलेलें होतें. डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन अध्यक्षपदावर होते. सर्वोच्च न्यायालयाचें न्यायासन सोडून आलेले चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे रिपब्लिकन उमेदवार होते. रिपब्लिकनांचें घर मात्र दुभंगलेलें होतें. १९१२ मध्यें थिओडोर रूझवेल्ट यांनीं वेगळी चूल मांडली, तेव्हां उपाध्यक्षपदासाठीं त्यांच्या जोडीला उभे राहिले ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हायरम जॉन्सन. रेल्वे कंपनीची राजकारणावरील पकड मोडणारा हा पुढारी तेथील जनतेच्या गळ्यांतील ताईत होता.

ऑगस्टमध्यें ह्यूज कॅलिफोर्नियांत आले, ते जॉन्सनविरोधी जुन्या पुढाऱ्यांच्या गराड्यांत. लाँग बीच येथें दोघेही कांहीं वेळ एकाच हॉटेलांत होते. परंतु भेट झाली नाहीं. जॉन्सन तेथें आहेत हें ह्यूज यांना ठाऊकच नव्हतें. कळल्यावर त्यांनीं दिलगिरी कळविली. पण अपमानाची वार्ता दिलगिरीहून जलद पसरली. सॅन फ्रान्सिस्कोंत तर संपाच्या काळांत संघटनेबाहेरील वाढप्यांच्या हातचें जेवण त्यांनीं घेतलें, आणि कामगारही दुरावले.

७ नोव्हेंबरच्या रात्रीं पूर्वेकडील निकाल पाहून कित्येक वृत्तपत्रांनीं ह्यूज यांचा विजय जाहीर करून टाकला. कॅलिफोर्नियाची मोजणी मात्र लांबली. सुमारें दहा लक्ष मतांत विल्सन यांना चार हजारांहूनही कमी मताधिक्य मिळालें, आणि तेथील १३ निर्वाचक-मतें त्यांच्याकडे गेलीं. अंतिम बेरीज २७७ विरुद्ध २५४ अशी झाली. तीं १३ मतें उलट पडतीं, तर ह्यूज २६७ मतांनीं अध्यक्ष झाले असते. त्याच दिवशीं जॉन्सन मात्र रिपब्लिकन पक्षातर्फेंच जवळजवळ तीन लक्षांच्या मताधिक्यानें सिनेटवर निवडून आले!

केवळ एका चुकलेल्या भेटीनें हा निकाल लागला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. विल्सन यांनीं देशाला युद्धापासून दूर ठेवलें, ही भावनाही प्रबळ होती. तथापि इतक्या अटीतटीच्या लढतींत कोणतेंच कारण क्षुल्लक नसतें. आणि ज्या शांततेच्या आशेनें अनेकांनीं मत दिलें, ती पांच महिनेही टिकली नाहीं. ६ एप्रिल १९१७ रोजीं, त्याच विल्सन यांच्या कारकीर्दींत, अमेरिका युद्धांत उतरली.