संग्रामदुर्ग: रोज वाटेत लागणारा किल्ला

मोशीला राहायला आल्यापासून आमचे विकेंडचे बेत ठरलेले. पावसाळ्यात भीमाशंकर किंवा माळशेज, थंडीत शिवनेरी, आणि कुणाचा मूड नसेल तर लोणावळा (भुशी डॅमची गर्दी बघून परत). यातले नाशिक रस्त्यावरचे सगळे बेत चाकणवरून जातात. चाकण हे आमच्यासाठी ठिकाण नव्हतंच कधी. तो एक अडथळा होता. तळेगाव चौकातला सिग्नल, कंटेनरची रांग, कंपन्यांच्या बसेस. "चाकण पार झालं का?" "झालं." "मग पोचलोच!" एवढाच काय तो संबंध.

तर झालं असं की श्रावणातल्या एका शनिवारी भीमाशंकरला निघालो आणि चाकणातच बाईक पंक्चर झाली. पंक्चरवाला म्हणाला, अर्धा तास लागेल. चहा घेतला, तरी वेळ उरला. इथे कुठेतरी किल्ला आहे हे शाळेच्या पुस्तकातून अर्धवट आठवत होतं, म्हणून गावात चालत गेलो आणि एका आजोबांना विचारलं, "आजोबा, किल्ला कुठे आहे?" त्यांनी मला नीट वरखाली न्याहाळलं आणि म्हणाले, "अहो, किल्ल्यापाशीच उभे आहात की!"

खरंच होतं. घरांच्या मागे तटाचा तुकडा, पुढे एक बुरूज, खंदकाची खूण. चढण नाही, दम लागत नाही, फोटोला 'व्ह्यू' नाही. भुईकोट किल्ला हा असाच असतो. त्या दिवशी भीमाशंकर राहिलं. संध्याकाळी घरी येऊन वाचायला बसलो आणि मग रविवारही त्यातच गेला.

थोडं मागून सांगतो. पंधराव्या शतकाच्या मध्याला चाकण हे बहमनी फौजेचं कोकणाकडच्या मोहिमांसाठीचं मुख्य ठाणं होतं. मलिक-उत्-तुजार नावाचा सरदार इथून निघून विशाळगडाच्या (तेव्हाच्या खेळण्याच्या) वाटेवर जंगलात गेला. शिर्क्यांनी वाट दाखवतो असं सांगून त्याला अडचणीत नेलं, आणि तिथे त्याची फौज कापली गेली. जे वाचले ते परत चाकणला आले, तर दरबारातल्या त्यांच्याच विरोधी गटाने त्यांना वेढलं, अभय दिलं, मेजवानीला बोलावलं आणि मारून टाकलं. ही हकिगत फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. ऑफिसमधलं राजकारण फार वाईट असं मला वाटायचं. असो.

पुढे निजामशाहीत पुणे आणि सुपे परगण्यांबरोबर शिवनेरी आणि चाकणचे किल्ले मालोजी भोसल्यांकडे आले. शिवाजी महाराजांनी पुणे प्रांतात जम बसवायला सुरुवात केली तेव्हा चाकणला फिरंगोजी नरसाळा होता. तो महाराजांना मिळाला आणि महाराजांनी किल्ला त्याच्याच हाती ठेवला.

आता 1660 साल. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठी फौज घेऊन अहमदनगरहून दक्षिणेला उतरला आणि मे महिन्यात पुण्यात शिरला. महाराज कुठे होते? पन्हाळ्यावर, सिद्दी जौहरच्या वेढ्यात. म्हणजे एकाच वेळी दोन आघाड्या, आणि राजा त्यातल्या एकीत अडकलेला. खान पुण्यातून निघाला आणि 21 जूनला चाकणसमोर आला.

मला पहिला प्रश्न हाच पडला, की चाकणच का? आजूबाजूला सिंहगड, पुरंदर, राजगड असे बलदंड किल्ले असताना या सपाटीवरच्या किल्ल्याशी खानाचं काय काम? उत्तर रस्त्यात आहे. खानाची रसद अहमदनगरकडून यायची. चाकण हातात आलं की पुणे ते नगर हा जवळचा रस्ता मोकळा, मधे घाट नाही, खिंड नाही, लपून बसायला डोंगर नाही. सपाट जमीन आणि चांगला रस्ता. एमआयडीसीने साडेतीनशे वर्षांनी जवळपास याच कारणांसाठी चाकण निवडलं असणार! बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा आला, मग बाकीचे. (गावातल्या चक्रेश्वराच्या देवळाची कथा अशी की दशरथाच्या रथाचं चाक इथे पडलं, म्हणून हे चाकण. आता रोज इथून किती चाकं बाहेर पडतात ते त्या दशरथालाच ठाऊक.)

वेढ्याकडे येऊ. किल्ल्यात माणसं किती? आकडे वेगवेगळे सांगतात, पण तीनशे-साडेतीनशेच्या आसपास धरतात. बाहेर हजारोंची फौज. खानाला वाटलं असेल, आठवड्याचं काम आहे. पण पाऊस सुरू झाला होता. मोर्चे चिखलात, बारूद भिजते, आणि तटावरून मारा चालूच. रात्री-अपरात्री किल्ल्यातले लोक बाहेर पडून मोर्च्यांवर छापे घालायचे. जून संपला, जुलै गेला. 12-13 जुलैला महाराज पन्हाळ्यावरून निसटले, बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच रात्री चाकणला वेढ्याचा बाविसावा-तेविसावा दिवस होता, हे माझ्या तरी डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि विशाळगडावर पोचलेल्या राजाकडून चाकणला मदत येणं शक्यच नव्हतं. फिरंगोजीला हे कळत नसेल असं मानायला मी तयार नाही.

शेवटी खानाने भुयार खणलं. डोंगरी किल्ल्याला हे सहसा जमत नाही, खाली काळा कातळ असतो. भुईकोटाच्या खाली माती. त्याची हीच गोम. मुघलांनी आपल्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत सुरुंग नेला, दारू ठासली आणि 14 ऑगस्टला दुपारी पेटवली. बुरूज त्यावरच्या माणसांसकट उडाला. मुघल आत घुसायला धावले, तर काय? पडलेल्या बुरुजामागे मातीचा उंच बांध तयार! त्याच्याआडून बाण, दगड, पेटते बाँब. त्या दिवशी हल्ला तिथेच अडला. मुघलांनी रात्र तटाच्या पायथ्याशी काढली.

हा बांध माझ्या मनातून जात नाही. प्रोजेक्टमध्ये आपण 'बॅकअप प्लॅन' म्हणून स्लाईड टाकतो आणि विसरून जातो. इथे बुरूज पडणार हे धरून, पावसात, गोळे अंगावर घेत कुणीतरी टोपल्यांनी माती ओढली होती.

दुसऱ्या दिवशी, 15 ऑगस्टला, मुघल आत शिरले. उरलेले लोक बालेकिल्ल्यात मागे सरकले आणि राव भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला खाली करून दिला. (15 ऑगस्ट वाचून माझ्याही अंगावर काटा आला होता. पण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या हिशोबाने तो दिवस 25 ऑगस्ट येतो. तारखांच्या फॉरमॅटचा घोळ आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना काही नवा नाही.) जदुनाथ सरकारांनी मुघलांचे 268 ठार आणि 600 जखमी असा आकडा दिला आहे. एका भुईकोटासाठी! खानाने फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली. ग्रँट डफ सांगतो की त्याने ती नाकारली आणि खानाने त्याला माणसांसह जाऊ दिलं. पगारवाढ घेऊन कंपनी बदलणं हे आपल्यात कुणाला नवीन नाही, म्हणून इथे मी थांबून पुन्हा वाचलं. महाराजांनी किल्ला गमावल्याबद्दल त्याला दोष दिला नाही, मान दिला. पुढे तो भूपाळगडाचा किल्लेदार होता.

चाकणचं नाव खानाने इस्लामाबाद केलं. पण त्याने स्वतः पुन्हा असा मोठा वेढा घातला नाही. छप्पन्न दिवस एका सपाटीवरच्या किल्ल्याला लागले, तर डोंगरावरच्या प्रत्येकाला किती, हा हिशोब त्यानेही केला असेल. तो पुण्यात लाल महालात जाऊन बसला, आणि तिथे 5 एप्रिल 1663 च्या रात्री काय झालं ते सांगायला नकोच.

चाकणचा किल्ला त्यानंतरही हात बदलत राहिला आणि 1818 साली इंग्रजांकडे गेला. मग गाव वाढलं, वस्ती तटाला येऊन टेकली.

परवा पुन्हा गेलो. या वेळी मुद्दाम, पंक्चरशिवाय. ग्रुपवर विचारलं तर एकाने लिहिलं, "चाकणला? रोज जातो की कंपनीत!" शेवटी दोघंच आले. ईशान्य कुठली ते मोबाईलच्या होकायंत्रावर बघून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. एकाने विचारलं, "बुरूज नक्की कुठला रे?" मला सांगता येईना. मग आम्ही मातीचा बांध कुठे घातला असेल त्यावरच वाद घालत बसलो, आणि निघताना बघतो तर मोशीला पोचायच्या आत जेवायची वेळ टळून गेलेली.