चळवळ नेत्यामुळे उभी राहते की अनुयायांमुळे? महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट

चळवळ म्हटली की आपल्याला नेत्याचा चेहरा आठवतो. पण नेत्यासोबत पहिल्यांदा उभे राहणारे नसतील, तर चळवळ सुरू होते का? २०१० मध्ये डेरेक सिव्हर्स या अमेरिकी उद्योजकाचे एक छोटे भाषण खूप गाजले. मैदानात एकटाच नाचणारा तरुण, त्याच्यासोबत नाचू लागलेला दुसरा आणि मग जमलेली गर्दी, असा व्हिडिओ त्याने दाखवला. त्याचे म्हणणे असे, की त्या दुसऱ्या माणसामुळे पहिला नेता ठरला.

नाचताना फार तर हसे होते. जिथे मार खावा लागतो, तिथे काय होते? याचे उत्तर महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहात सापडते.

ठराव होता, मग अडले कुठे?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण फक्त कागदावर. एकट्यादुकट्याने पाणी भरले असते, तर मारहाण आणि बहिष्कार ठरलेला होता.

बाबासाहेबांना महाडला कोणी बोलावले?

महाड भागातले तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिथे परिषद भरवण्यासाठी पुढाकार घेतला. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण समाजातले कार्यकर्तेही सोबत होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. म्हणजे नेता येण्याआधीच त्याला साथ देणारे कामाला लागले होते.

तळ्यावर काय घडले?

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्रे यांनी सर्वांनी तळ्यावर जावे, असे सुचवले. लोक शिस्तीत निघाले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मग इतरांनी. एकट्याने पाणी प्यायले असते, तर तो ‘गुन्हा’ ठरवता आला असता. हजारोंनी प्यायल्यावर तो हक्क झाला.

अनुयायांनी काय किंमत मोजली?

हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा शहरात पसरली. जमावाने परिषदेला आलेल्यांवर हल्ला केला, अनेकजण जखमी झाले. संख्या मोठी असूनही बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी उलटा हल्ला केला नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा परिषदेसाठी कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान यांनी आपली जागा दिली. हजारो लोक तयारीनिशी आले होते. पण विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. चर्चेनंतर तळ्यावर जाणे पुढे ढकलले गेले आणि लोकांनी ते मान्य केले. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला मात्र १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सत्याग्रहींच्या बाजूने निकाल दिला.

यातून काय समजते?

• अनुयायी म्हणजे फक्त मागे चालणारा नव्हे. मोरेंनी बोलावले, चित्रेंनी सुचवले, फत्तेखान यांनी जागा दिली. नेत्याकडे नसलेले काहीतरी प्रत्येकाने आणले.

• पहिल्या काही जणांची जोखीम सर्वात मोठी असते. त्यांच्यामुळे पुढच्यांची भीती कमी होते.

• थांबणे हीसुद्धा साथच. मार खाऊनही हात न उचलणाऱ्यांमुळे सत्याग्रहाची बाजू भक्कम राहिली.

• प्रत्येक गर्दी चळवळ नसते. त्या दिवशी अफवेमागे धावलेला जमावही कोणाच्या तरी मागेच गेला होता. फरक एवढाच, की तळ्यावर गेलेल्यांना आपण कशासाठी चाललो आहोत हे माहीत होते.

एखादी पोस्ट लाइक करायला क्षण पुरतो, फॉरवर्ड करायला तर तेवढाही लागत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी हाक दिली, तर दोन गोष्टी विचाराव्यात: हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर स्क्रीनबाहेर मी यासाठी काय करणार आहे?