नामनिर्णयाचा प्रश्न : तगर, आंबेगाव आणि एक घरगुती संगणक-जाल

जुन्नरच्या प्राचीन इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकांस 'तगर'चा वाद नव्याने सांगावयास नको. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ असल्याचे नमूद आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ही पेठ म्हणजे जुन्नर असे ठरविले. नगराभोवतीच्या तीन डोंगरांवरून 'त्रिगिरि' व त्यावरून 'तगर', अशी त्यांची व्युत्पत्ती. लेण्यांची विपुलता आणि नाणेघाटाचा व्यापारी मार्ग पाहता हे मत मोहक होते यात शंका नाही. परंतु जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचविले, आणि १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर असे दाखवून दिले. हेच मत पुढे सर्वमान्य झाले. येथे नाव खोटे नव्हते, जुन्नरहि खोटे नव्हते. चुकला होता तो दोहोंना जोडणारा दुवा.

याच जातीची चूक अलीकडे घोडेगाव येथील एका परिचितांच्या घरी संगणकाच्या बाबतीत पाहावयास मिळाली. संगणकांच्या इतिहासाशी तिचा निकटचा संबंध असल्यामुळे ती येथे नोंदवावीशी वाटते. जुन्नर परिसरातील शिलालेखांच्या छायाचित्रांचा संग्रह त्यांनी घरातील एका लहान सर्व्हरवर ठेवला होता व त्या यंत्रास 'लेण्याद्री' असे नाव दिले होते. एके रात्री वीज गेली. दुसऱ्या दिवशी ते नाव उघडेना. सर्व्हर निकामी झाला, तो पुसून नव्याने मांडावा, असा घरच्यांचा विचार ठरत आला होता. संग्रहाची दुसरी प्रत कोठेहि नव्हती.

प्रथम सर्व्हरला नावाने न हाकारता त्याच्या अंकांनी हाकारून पाहिले. घरातील राऊटरच्या यादीत त्याचा अंक १९२.१६८.१.३४ असा दिसत होता. त्या अंकावर संग्रह तत्काळ उघडला. म्हणजे यंत्र शाबूत, तार शाबूत, छायाचित्रेहि शाबूत. दोष केवळ नामनिर्णयात होता. ही एक कसोटी आरंभीच लावली असती तर अर्ध्या दिवसाची चिंता वाचली असती.

या दोषाचे मूळ समजण्यास थोडे मागे जावे लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील 'आर्पानेट' या जालावरील सर्व यंत्रांची नावे व अंक एकाच फाइलीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील कार्यालय ही फाइल सांभाळी आणि इतर ठिकाणचे लोक तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी नक्कल हाती येईपर्यंत शिळी होऊ लागली, आणि एकच नाव दोघांनी घेऊ नये ही व्यवस्थाहि अवघड झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी याऐवजी श्रेणीबद्ध रचना सुचविली. तीच आजची 'डीएनएस'. आपल्याकडे नुसते पिंपळगाव म्हटल्याने काहीच कळत नाही. जुन्नरचे पिंपळगाव जोगा की आंबेगावातील पिंपळगाव खडकी, हे सांगावे लागते. नवी रचना अशाच उतरंडीवर उभी होती व प्रत्येक पायरीची नोंद त्या त्या अधिकाऱ्याकडे सोपविलेली होती.

परंतु जुनी फाइल नाहीशी झाली नाही. 'होस्ट्स' या नावाने तिचे एक छोटे रूप आजहि बहुतेक प्रत्येक संगणकात आहे आणि नाव विचारले असता बहुधा तिचीच साक्ष प्रथम काढली जाते. घोडेगावच्या लॅपटॉपवर कोणी तरी पूर्वी सोयीसाठी 'लेण्याद्री'पुढे १९२.१६८.१.२० असा अंक लिहून ठेवला होता. वीज परतल्यावर राऊटरने अंकांची नव्याने वाटणी केली. सर्व्हरला ३४ मिळाला आणि २० हा अंक गेला घरातील एका मोबाइलकडे. लॅपटॉप त्या बिचाऱ्या मोबाइलचे दार ठोठावीत होता व जोडणी नाकारली जात होती. नाव सापडत नाही असा संदेश आला असता तर संशय लवकर आला असता. चुकीचे पण अस्तित्वात असलेले ठिकाण अधिक फसवे असते, हे तगरच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

आंबेगाव तालुक्याचीच गोष्ट घ्या. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले; तालुक्याचे ठाणे घोडेगावास आहे. नावावर विसंबून कोणी परका कचेरी शोधू लागला तर त्याची वाट पाण्यात जाईल. माणसास वाटेत कोणी तरी सांगणारा भेटतो. यंत्रास तसा कोणी भेटत नाही.

होस्ट्समधील ओळ काढल्यावर लॅपटॉप सुधारला. दुसऱ्या संगणकावर मात्र नाव कधी सापडे, कधी न सापडे. राऊटर सर्वांस दोन नाम-सेवकांचे अंक देत होता : एक स्वतःचा आणि दुसरा बाहेरचा. पहिला उत्तर देईनासा झाला तरच दुसऱ्यास विचारावे, असा घरच्यांचा समज होता; पण पुष्कळ यंत्रे दोघांपैकी कोणासहि विचारतात. बाहेरच्यास घरातील लेण्याद्री ठाऊक असण्याचे कारण नाही. तो 'असे नाव नाही' म्हणे, आणि ते उत्तर अंतिम मानले जाई. येथे साधनांचीहि फसवणूक होते. 'एनएसलुकअप' थेट नाम-सेवकास विचारते, होस्ट्स फाइल पाहतच नाही. लिनक्सवरील 'गेटेन्ट' मात्र इतर प्रोग्रॅम ज्या क्रमाने साक्षी काढतात त्याच क्रमाने जाते. दोघांची उत्तरे भिन्न आली तर दोष कोठे आहे हे जवळजवळ कळलेच. खुद्द सर्व्हरवर विचारले तर तो आपला अंक १२७.०.१.१ असा सांगत होता. डेबियन पद्धतीच्या मांडणीत ही ओळ असतेच. स्वतःविषयीची ती साक्ष इतरांच्या उपयोगाची नव्हे, आणि ती ओळ खोडण्याचेहि कारण नव्हते.

अखेरीस राऊटरमध्ये सर्व्हरसाठी ३४ हा अंक कायम राखून ठेवला, बाहेरचा नाम-सेवक यादीतून काढला आणि घरगुती जालांसाठी २०१८ मध्ये राखून दिलेल्या 'होम.आर्पा' या प्रत्ययाखाली नाव नोंदविले. पूर्वीचा '.लोकल' हा प्रत्यय २०१३ पासून निराळ्या पद्धतीसाठी राखीव असल्याने तो टाळला. एवढे करूनहि दुसरा संगणक काही काळ 'नाव नाही' असेच म्हणत राहिला, कारण नकारार्थी उत्तरहि ठराविक मुदतीपर्यंत साठवून ठेवले जाते. १९९८ मध्ये त्याचे नियमच लिहिले गेले आहेत. साठा रिकामा केल्यावर छायाचित्रे उघडली. त्यांची दुसरी प्रत त्याच दिवशी करून घेतली.