पाळी लांबवणारी गोळी, प्लेटलेट्स आणि उमराहचा प्रवास

आकुर्डी, कासारवाडीपासून चाकणपर्यंत आपल्या घरांतून कुणी ना कुणी उमराहला निघतंच. बायकांच्या बॅगेत बऱ्याचदा पाळी पुढे ढकलणारी गोळी असते, कारण पाळीत तवाफ करता येत नाही. बहुतेक उलेमांनी या गोळीला परवानगी दिली आहे, पण तब्येतीला अपाय होत नसेल तरच. हा अपाय म्हणजे रक्ताची गुठळी. ती कशी होते, ते आम्ही इथे सांगत आहोत.

या गोळीत सहसा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते पेशीत शिरून तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं. या प्रथिनाला न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतात. इथे ‘न्यूक्लिअर’चा अणुबॉम्बशी संबंध नाही (वर्गात मुलं हटकून विचारतात), पेशीच्या केंद्रकाशी आहे. औषध चिकटलं की रिसेप्टर डीएनएवर बसतो आणि कोणतं प्रथिन जास्त बनवायचं, कोणतं कमी, ते ठरवतो. गर्भाशयाचं अस्तर टिकतं, पाळी थांबते.

पण नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम घेतलं, तर 20 ते 30 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेतल्यासारखं होतं. पाळी लांबवायला साधारण 15 मिलिग्रॅम देतात. हे इस्ट्रोजेन यकृतातल्या त्याच्या रिसेप्टरला चिकटतं. मग रक्त गोठवणारे फॅक्टर 7, फॅक्टर 10 आणि फायब्रिनोजेन वाढतात, तर गोठणं आवरणारं प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन घटतं.

प्लेटलेट्सची गोष्ट वेगळी. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांचा आकडा विचारतात, त्याच या रक्तपट्टिका. निरोगी माणसात त्या मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख असतात. त्यांना केंद्रक नसतं. तरीही 2004 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी त्यांच्यात पीपीएआर-गॅमा हा न्यूक्लिअर रिसेप्टर दाखवला. मधुमेहाची पायोग्लिटाझोन याच रिसेप्टरवर काम करते. पुढे ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं, की असे रिसेप्टर डीएनएशिवायच, थोड्या वेळात प्लेटलेट्सचं एकमेकांना चिकटणं कमी करतात. म्हणजे एकाच जातीचे रिसेप्टर एकीकडे गुठळीला मदत करतात, दुसरीकडे तिला आवरतात. पण हे प्रयोगशाळेतलं. पायोग्लिटाझोन चालू आहे म्हणून अब्बांची ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका.

आता प्रवास. चार तासांहून जास्त बसून राहिलं की शिरेत गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं. मुंबई ते जेद्दा सुमारे पाच तास, त्याआधी चाकण ते मुंबई गाडीत, आणि वरून ही गोळी. म्हणून शेजारच्या भाभीने दिली म्हणून घेऊ नका. आधी गुठळी किंवा लकवा झालेला, घरात कुणाला गुठळीचा त्रास, वजन फार, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, यातलं काही असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी वायसीएममध्ये किंवा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाची दुसरी गोळी आहे, तिचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. ती चालेल का, तेही विचारा.

विमानात दर तासाला उठून चाला, पाणी प्या. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. गोळीचं पाकीट सोबत न्या.